वरचे दात आधी

३ जानेवारी

तिसरा दिवस. हात उचलला नाही.

मनीषाची अट. साइटवर टँकरवाल्याचा जबडा मी निखळवला त्या दिवशी बायकोने बॅग भरली होती. मग भरलेली बॅग तशीच ठेवून दुकानात गेली, ही वही आणली आणि माझ्यापुढे आपटली. "राग आला की आदी हिच्यात लिवायचं. ज्या दिवशी हात उचलाल त्या दिवशी तसंच लिवायचं. खोटं लिवलं तर मी माहेरी."

रोज तेच वाक्य कोण लिहीत बसणार? हा.ना. म्हणजे हात नाही. हा.उ. म्हणजे उचलला.

दिवसभर नांदेच्या प्लॉटवर पोकलेनला ब्रेकर लावून खडक फोडला. आठ तास धडधड. लोकांना वाटतं एवढं फोडल्यावर माणसाचा राग निघून जात असेल. उलट घरी येईपर्यंत हाडात बसलेला असतो.

हा.ना.

९ जानेवारी

धाकट्या बहिणीचा फोन, सुनीताचा. चिमीला दात आले! सातव्या महिन्यात, पुढचे दोन. मी म्हणालो पोरगी आता भाकरी मागणार. तेवढ्यात आईने फोन हिसकावला.

"वरचं का खालचं?"

पलीकडून नुसता चिमीचा आवाज.

"सुने, वरचं का खालचं?"

वरचे.

आई मटकन बसली. मिश्रीचा डबा हातात होता तो सांडला. तंबाखू भाजून केलेली ती काळी भुकटी सकाळ-संध्याकाळ लावून हिचे स्वतःचे दात कोळशासारखे झालेत, आणि दातांचं शास्त्र हिच्याकडून शिकायचं! वरचे आधी आले तर मामावर येतात. मामा म्हणजे मी. खालचे येईपर्यंत मी चिमीचं तोंड बघायचं नाही. आले की काशाच्या वाटीत तेल घ्यायचं, आधी तेलात तिचं तोंड बघायचं, मग खरं. मग मी सुटलो.

मी हसलो. म्हणालो, तिचे दात तांदळाएवढे आणि मी नव्वद किलोचा.

आईने उलट्या हाताने फाडकन तोंडावर मारली. एकतीस वर्षांचा आहे मी. मनीषा बघत होती. आईला वही कोण आणून देणार, ते विचारायचं राहिलं.

हा.ना.

१२ जानेवारी

रविवार. मुद्दाम वाडीवर गेलो, धरणाच्या वरच्या अंगाला, सुनीताच्या सासरी. मला अंगणात बघितल्याबरोबर तिने पोरीच्या तोंडावर पदर टाकला. "दादा, नगं रं बघू. पाया पडते." मी पदर ओढला. तिने धरून ठेवला. मी हिसकाच असा दिला की तिची बांगडी फुटली आणि मनगटाला काच लागली. थोडं रक्त आलं. हे हात उचलणं नव्हे, पण लिहितोय.

चिमी खदखदून हसत होती. दोन टपोरे दात, मधे फट. बोट पुढे केलं तर चावली. जोर आहे.

दाजी वायरमन. माझ्यासारखा डोक्यात राख घालून घेणारा नाही. म्हणाला, "पाव्हणं, मी रोज जित्या तारंला हात लावतोय. दातानं कोन मरतंय?" सुनीताने कपाळाला हात लावला. तो चहा ठेवायला उठला. असला माणूस आमच्या घरात कसा आला देव जाणे.

हा.ना.

१७ जानेवारी

डाव्या भुवईवर सात टाके.

ब्रेकरखालून दगडाची कपची उडाली ती केबिनच्या काचेतून आत. काच आधीच तडकलेली होती, मुकादमाला दोनदा सांगितलं होतं. म्हणजे का झालं ते मला माहीत आहे. आईला वेगळंच माहीत आहे. माझा रक्ताने भरलेला शर्ट तिने धुवायलाच घेतला नाही, दोन्ही हातात धरून बसली. "सुरू झालं," एवढंच म्हणाली.

सुनीताचा फोन, हुंदके देत. "माज्या पोरीपायी तुला काय झालं तर मी कुटं तोंड दाखवू?" मी म्हणालो, काचेपायी झालंय. ऐकतंय कोण.

मुकादमाची गचांडी धरली होती. धरणं म्हणजे उचलणं का? मनीषा म्हणते अर्धं.

हा. अर्धा.

२१ जानेवारी

कामावरून येताना बाइकसमोर कुत्रं आलं. त्याला वाचवलं, मी पडलो. डावं मनगट मोडलं. प्लास्टर. पाच दिवसांत दुसरं.

आईने मीठ-मिरच्या उतरवल्या, धुराने खोकून खोकून डोळ्यांतून पाणी. मग सुनीताला फोन लावून स्पीकरवर टाकला. दोघी मायलेकी रडायला लागल्या, जसा काही मी समोर तिरडीवर पडलोय. हात असा ठणकत होता की भिंतीवर आपटावासा वाटला. रागात काहीतरी बोललो. दोघी गप झाल्या. मी टीव्ही लावला.

हा.ना.

२४ जानेवारी

आई काल सकाळच्या एसटीने सुनीताकडे गेली. "पोरीला तेल लावाय कुनी न्हाई. दोन-चार दिस ऱ्हाते." घर शांत. मनीषाने मासवड्या केल्या. एका हाताने जेवत होतो. ती माझ्या पुढच्या तुटक्या दाताकडे बघत म्हणाली, "ह्यो कसा तुटला ते कदी सांगितलंच न्हाई तुमी."

आईने. पळीने. आठ-नऊ वर्षांचा असेन. कशावरून ते आठवत नाही. इतर पोरांना पाठीत बसायचं, कानाखाली बसायचं. मला आई नेहमी तोंडावरच मारायची.

मनीषा म्हणाली, अजून एक घ्या.

हा.ना.

२६ जानेवारी

कालचं आज लिहितोय. उजव्या हाताची बोटंही सुजलीत.

काल दुपारी दीडला दाजीचा फोन. वाऱ्याचा आवाज. "चिमीला घिऊन पुन्याला चाललोय. या." एवढंच, आणि दवाखान्याचं नाव.

मी पोचलो तेव्हा तो दवाखान्याच्या पार्किंगमध्ये उभा होता. शर्ट पुढून सगळा लाल. सुनीता पोरीला घेऊन आत. काचेतून बघितलं. चिमी कापडाच्या चिंधीसारखी पडलेली, मान धरत नव्हती. नर्सने तोंड उघडलं तेव्हा दिसलं. वरची हिरडी फाटलेली. दातांच्या जागी दोन खड्डे, त्यात काहीतरी काळं कोंबलेलं. ते काळं ओघळून हनुवटीवर आलेलं.

बाहेर आलो. दाजीला विचारलं, कुणी केलं? तो खाली बघायला लागला. त्याच्या मागच्या खिशात त्याची पिवळ्या मुठीची पक्कड होती. तोंडाला रक्त लागलेली.

पुढचं मला सलग आठवत नाही. पहिला गुद्दा उजव्या हाताचा. मग प्लास्टरचा. प्लास्टर चिरलं, मला दुखलं नाही. तो स्कूटरच्या रांगेवर पडला, चार-पाच गाड्या आडव्या झाल्या. मी त्याच्या छातीवर बसून मारलं. त्याचा एक दात डांबरावर पडलेला मी बघितला आणि तरी मारत राहिलो. दोन वॉचमन आणि कुणीतरी रिक्षावाला, तिघांनी मला ओढलं.

त्याने एकदाही हात उचलला नाही. नुसता डोक्यावर धरला. एवढंच म्हणत होता, "आदी पोरीकडं बघा, पाव्हणं. आदी पोरीकडं."

हा.उ. हा.उ. हा.उ.

२७ जानेवारी

चिमी आहे. सलाइन, छातीला वायरी.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी मला आणि सुनीताला बाजूला घेतलं. म्हणाल्या, दात ओढले ते भयंकरच, पण जिवावर बेतलं ते दुसऱ्याच गोष्टीने. जखमेत तंबाखू कुणी भरली? ती रक्तात गेली. म्हणून उलट्या, म्हणून मान टाकली. आणखी तासभर उशीर झाला असता तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असते.

मी विचारलं, दात परत येतील ना? दुधाचेच तर होते.

म्हणाल्या, कायमचे दात त्याच्याच वर हिरडीत तयार होत असतात. त्यांना किती इजा झाली ते आज कुणीच सांगू शकत नाही. येतील, वाकडे येतील, डागाळलेले येतील, कदाचित येणार नाहीत. सात वर्षांची होईल तेव्हा कळेल.

पोलीस येऊन गेला. असली केस कळवावीच लागते म्हणे. त्याने दाजीला विचारलं, तोंडाला काय झालं. दाजी म्हणाला, गाडीवरून पडलो. मी तिथेच उभा होतो. लाज वाटली.

आणि मग वॉर्डाबाहेरच्या कठड्याला टेकलेला असताना माझ्या डोक्यात उजेड पडला. तंबाखू. काळी. दाजी सुपारीसुद्धा खात नाही. सुनीता मिश्री लावत नाही.

हा.ना.

२८ जानेवारी

सुनीता बोलली. वॉर्डाबाहेरच्या बाकावर, माझ्याकडे न बघता.

दाजी सकाळी पौडला कामावर गेला होता. आईने त्याच्या जुन्या पिशवीतली पक्कड काढली, चुलीवर तापवली, गार केली. सुनीताने पोरीचं डोकं मांड्यांत दाबून धरलं. तिच्याच मांड्यांत. एक दात निघाला. दुसरा तुटला, तो परत धरला. रक्त थांबेना म्हणून आईने डबा उघडला. "मिश्रीनं थांबतंय," म्हणाली. दाजी जेवायला घरी आला त्याने हे बघितलं. डॉक्टरला दाखवायला पक्कड खिशात घातली, चिमीला छातीशी धरून गाडीपर्यंत आणलं, सुनीताला पोरीसकट मागे बसवलं आणि घाट उतरला.

म्हणजे ज्याने तिला वाचवलं त्याला मी मारलं.

तळपायाची आग मस्तकात गेली. सुनीतावर हात उगारला. ती हललीसुद्धा नाही. म्हणाली, "मार. पन तूच म्हनला व्हतास."

मी म्हणालो, काय म्हणालो होतो?

"‘उपटून टाका त्ये दात एकदाचं, न्हाईतर मी मेल्यावर या रडाय.’ फोनवर. आईनं दोनदा इचारलं मला, ऐकलंस न्हवं दादा काय म्हनला? मी म्हनलं, ऐकलं."

हात खाली आला.

एकवीस तारखेचं पान काढून बघितलं. "रागात काहीतरी बोललो." मनीषाने सांगितलं होतं खोटं लिहायचं नाही. मी खोटं लिहिलं नव्हतं, कमी लिहिलं होतं. आणि खरं सांगायचं तर ते नुसतं रागात नव्हतं. भुवईला टाके, हात मोडलेला, दोघी रडतायत... मी घाबरलो होतो. त्या मिनिटाला मला ते दात तिच्या तोंडात नको होते. नव्वद किलोचा माणूस मी, तांदळाएवढ्या दातांना भ्यालो. हसत होतो तेव्हासुद्धा भीत असणार.

हा.उ. का हा.ना.? उगारला. लागला नाही.

३० जानेवारी

आई परत आली. वाडीवरच्यांनी एसटीत बसवून दिलं. येऊन हातपाय धुतले आणि डबा घेऊन उंबऱ्यात बसली. मिश्री लावायला.

डबा हातातून काढून समोरच्या भिंतीवर फेकला. मग मांडणी ओढली. ताटं, वाट्या, डबे, सगळं खाली. मी ओरडत होतो, माझे पण उपट! ये, उपट माझे! तोंड फाकून तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो होतो.

आई रडली नाही. तोंडात बोट तसंच. म्हणाली, "तुजं बी वरचंच आदी आलं व्हतं."

मला हे कुणी कधीच सांगितलं नव्हतं.

"समदी म्हनली, उपट. माजी सासू पक्कड घिऊन आली व्हती. मी न्हाई दिलं उपटू. माज्या लेकराला दुखंल म्हनून. म्हैना झाला न्हाई तर माजा दादा हिरीत गेला. गाळ काढाय उतरला त्यो वर आलाच न्हाई. एकुलता भाऊ माजा." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, सरळ, भाजीचा भाव सांगावा तशी, "तवापासनं तुजं दात दिसलं की माजा हात चालायचा. तू हसलास की चालायचा."

एकतीस वर्षं. मी हसलो की.

मी मूठ वळलेली होती हे मला मनीषा मधे येऊन उभी राहिली तेव्हा कळलं. मूठ तिच्या कानाजवळून दारात गेली. प्लायवूडला भोक. उजव्या हाताची सालटी निघाली.

(खालचं मनीषाच्या अक्षरात आहे. मी वही मागितली तर तिने आधी स्वतः लिहिलं.)

उचलला. मी आज जाणार न्हाई. पण बॅग भरलेलीच आहे.

८ फेब्रुवारी

चिमीला काल घरी सोडलं. ड्रॉपरने दूध पाजतात. हिरडी शिवलीय.

दाजीला भेटायला गेलो. पाया पडायला वाकलो तर त्याने खांदा धरला. "नगा. पाठ दुखंल." त्याचा पुढचा दात मी पाडला तिथून आता हवा जाते, बोलताना शीळ वाजते. मला हसू आलं आणि पाठोपाठ असं रडू आलं की अंगणात उकिडवा बसलो. तो शेजारी बसून वायर सोलत राहिला.

विचारलं, पोलिसांना माझं नाव का नाही सांगितलं? म्हणाला, "तुमाला आत टाकून माजा दात येनार हाय व्हय?"

सुनीता माझ्याशी बोलत नाही. चौकीतून बोलावणं येईल तेव्हा सांगणार आहे म्हणे, मीच केलं, एकटीने. आईचं नाव घेणार नाही, माझं तर नाहीच.

आईला घरी येऊन सांगितलं, पोरगी वाचली. आईने विचारलं, "तू जिता हायस न्हवं?" मी म्हणालो, हो. तिने मान डोलावली आणि नवा डबा काढला. तिच्या दृष्टीने काम झालं. मी मेलो नाही याचा अर्थ तिचंच खरं. आता मी काय केलं म्हणजे तिचं खोटं ठरेल? मरून?

सोन्यासारख्या पोरीचं तोंड फाडलं आणि वर समाधान. मला तिचा गळा धरावासा वाटला. तिच्या भावाला विहिरीतून काढला तेव्हा ती वीस वर्षांची असेल, तेही डोक्यात आलं. दोन्ही एकदम येतं. म्हणून लिहितोय.

हा.ना.

१ मार्च

दाजीचा फोन, शीळ घालत. "पाव्हणं, खालचं आलं. दोन."

मनीषाला घेऊन गेलो. आईला नेलं नाही. दारात उभी राहून तिने काशाची वाटी पुढे केली. मी घेतली. का घेतली माहीत नाही. शंभर शिव्या घातल्यात मनात त्या वाटीला, तरी घेतली.

सुनीताने तेल ओतलं. बोलली नाही, पण ओतलं. तिने चिमीला माझ्या खांद्याजवळ धरलं आणि मी खाली वाटीत बघितलं. माझं तोंड, तिचं तोंड. दोन्ही मिटलेली. झालं. सुटलो म्हणे.

मग वळून खरी बघितली. गुबरी झालीय परत. मला बघून हात हलवले. बारा तारखेला, जानेवारीत, चावली होती तसंच बोट मी तिच्या ओठाशी नेलं. खालचे दोन बघायचे होते, आणखी काही नाही.

तिने ओठ गच्च मिटले. मग दोन्ही हात तोंडावर ठेवले, एकावर एक. रडली नाही. डोळे मोठे करून माझ्या हाताकडे बघत राहिली. हात कधी खाली येतो त्याची वाट बघत.

मी ओळखलं ते. पळी वर गेली की मी असाच तोंड झाकून उभा राहायचो.

सुनीता म्हणाली, इतक्या दिवसांनी पहिलं वाक्य, "तुला एकट्याला न्हाई. समद्यांस्नीच करती. मी पाजाय घेतली तरी करती."

मी हात मागे घेतला. पाठीमागे बांधला. बराच वेळ तसाच बसलो तेव्हा तिने एक हात काढला. दुसरा काढला नाही.

सोमवारी साडेदहाला चौकीत बोलावलंय. सुनीता, दाजी, आई. माझं नाव यादीत नाही. निघताना सुनीताला म्हणालो, मी येणार आहे. फोनवर काय बोललो ते सांगणार आहे आणि दाजीच्या दाताचंही सांगणार आहे. ती म्हणाली, "त्यानं चिमीचं दात येनार हायेत का?"

मनीषा म्हणाली, वही बरोबर घ्या.

हा.ना.